वरवट्यांच्या गढीचा तडकलेला उंबरा

थांबा, थांबा! पाय मागं घ्या, पाहुणे. तुमचा ड्रायव्हर खुशाल आत जाऊ दे, त्याला इथं कुणी अडवत नाही. तुम्ही मात्र उंबऱ्याच्या अलीकडंच थांबायचं. रागावू नका. गाडीतून उतरल्या उतरल्या तुम्हीच म्हणालात ना, ‘आम्हीपण वरवटेच’? म्हणून तर काठी आडवी घातली.

समोरचा डोंगर वरवट्यांचा, खालचं तळं वरवट्यांचं. ज्याची पाठ कुणाला लावता आली नाही तो रंगा पैलवान वरवट्यांचाच, आणि ज्यांच्या कीर्तनाला पंचक्रोशी लोटायची ते बुवाही वरवटेच. तेसुद्धा इथंच थांबले. हा उंबरा बघा, अखंड काळा दगड, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. तो कसा गेला ते ऐका, मग आत या.

फार मागं, पेंढाऱ्यांच्या धामधुमीत, वरवटे चहूकडं पांगले होते. तेव्हा सगळ्या भावकीनं बेलभंडार उचलून शपथ घेतली म्हणे, की वरवट्याला या गढीचं दार कधी बंद राहणार नाही. बाहेरून आडनाव सांगायचं, आतून अडसर काढायचा. कोण, कुठला, सोबत कोण, काही विचारायचं नाही. आपल्या माणसाला काय विचारायचं? आमच्या पूर्वजांना याचा केवढा अभिमान! त्या अभिमानानंच घात केला.

दाराचा मान साळूबाईकडं होता. विधवा बाई, पण आवाज असा की गुरंसुद्धा वळायची. तिचा मुलगा गणोजी गढीचा पाटील. आणि नागोजी तिचा पुतण्या. त्याची आई बाळंतपणात गेली, तेव्हा साळूबाईनं एका अंगाला गणोजी आणि दुसऱ्या अंगाला नागोजी घेऊन दोघांना पाजलं. पुढं पाटीलकी गणोजीला मिळाली आणि नागोजीच्या पोटात काटा रुतला. बायको आणि तान्हा मुलगा इथंच टाकून तो निघून गेला.

एका उन्हाळ्यात पेंढारी आल्याची हूल उठली. आसपासच्या वाड्यांतल्या बायका, पोरं, धान्य, सगळं गढीत आणलं. भर दुपारी दारावर थाप पडली. साळूबाईनं विचारलं, “कोण?”

“वरवटे.”

आवाज तिनं ओळखला. असं सांगतात, की अडसर काढताना म्हातारी रडत होती, लेकरू परत आलं म्हणून. दार उघडलं. नागोजी आत आला आणि त्याच्या मागून, तोंडं बांधलेले पेंढारी.

पुढचं काय सांगायचं? परक्यानं मारलं तर माणूस ओरडतो. आपल्यानं मारलं तर तो आधी तोंडाकडं बघतो, ‘तू रे?’ म्हणून. गणोजी तसाच बघत राहिला म्हणे, तलवार उपसलीच नाही त्यानं. गणोजीची बायको त्याला वाचवायला त्याच्या अंगावर पडली, तीही गेली. नागोजीच्या बायकोनं नवऱ्याला ओळखलं आणि लाजेनं तळं जवळ केलं.

लूट घेऊन नागोजी निघाला, तर साळूबाई या उंबऱ्यावर आडवी. म्हणाली, “आडनाव सांगून आत आलास. आता आईचं नाव सांग आणि बाहेर जा.”

कुणाचं नाव सांगणार मेला? जिचं दूध प्याला ती पायाशी पडलेली. नाव न घेताच तिला ओलांडून त्यानं उंबऱ्यावर पाय दिला आणि दगड तडकला. आवाज डोंगरापलीकडं ऐकू गेला, असं सांगतात. नागोजी पुन्हा कुणाला दिसला नाही.

मागं उरली दोन तान्ही, एक गणोजीचं, एक नागोजीचं. लोक म्हणाले, सापाचं पिल्लू टाकून दे. साळूबाईनं दोघांना उचललं आणि माहेर गाठलं. परतली तेव्हा दोघंही पळण्याइतके मोठे झाले होते. कोण कुणाचा, ते चेहऱ्यावरून कळेना, आणि तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, “आडनावाला दार उघडलं आणि घर बुडालं. इथून पुढं वरवट्यानं आईचं नाव सांगून यावं. ते घेऊन दगा करायला जीभ जड होते.” दार मात्र तिनं काढून टाकलं, पुन्हा बसवू दिलं नाही. चोराला दार अडवतं हो, घरच्याला काय अडवणार?

आजही गढीला दार नाही. परका सरळ आत जातो. वरवटे तेवढे तड्याशी थांबतात, आईचं नाव घेतात, आणि आतून थोरली बाई ‘ये’ म्हणाली की मगच पाय टाकतात. मी गुरं सोडून घरी येतो तेव्हा रोज सांगतो, मथुराबाईचा मुलगा आलोय. म्हातारा झालो तरी सुटका नाही. कारण आज उरलेले आम्ही सगळे त्या दोन पोरांचेच, आणि नागोजीचं रक्त कुणाच्या अंगात आहे ते कुणालाच ठाऊक नाही. तुमच्या असेल. माझ्याही असेल.

आमची थोरली वहिनी आत ‘ये’ म्हणायला ताटकळलीय. चला, आईचं नाव सांगा. मोठ्यानं सांगा.