साहेबांचं तोंड दक्षिणेला

पलीकडच्या गावात एक भोळा रखमाजी राहायचा. सांगाल तेवढं करायचा. अगदी तेवढंच करायचा, हीच तर पंचाईत!

त्याची बायको सगुणा विजेच्या बिलाला पार वैतागली होती. तिनं आपल्या लाडक्या दोन शेळ्या विकल्या आणि सोलर पॅनल घेतलं. वीज कंपनीचे साहेब येऊन पॅनलवर दिवा लागलेला बघणार, मगच सरकार निम्मे पैसे परत देणार. ते हातात आले की शेळ्या परत आणायच्या, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

पॅनल घरी आलं तेव्हा ती शेतात होती. रखमाजीनं ते गोठ्यात कडब्याखाली ठेवलं. नवी कोरी वस्तू, उन्हानं रंग उडायचा!

सगुणानं कपाळावर हात मारला. "अहो, घरी आलं की आधी गच्चीवर चढवायचं. तोंड दक्षिणेला. अंगावर कसलीही सावली पडू द्यायची नाही. कळलं?"

"कळलं की."

मिस्त्रीनं पॅनल बसवलं, दिवा लागला. सगुणा खूश! साहेबांना जेवायला घालायचं म्हणून तिनं रखमाजीला लोणी आणायला बाजारात धाडलं.

लोणी घरी आलं. रखमाजीनं गाडगं गच्चीवर नेलं आणि दक्षिणेकडे तोंड करून उन्हात आडवं ठेवलं. थोड्या वेळानं पन्हाळीतून लोणी गळायला लागलं. मांजर खाली येऊन बसलं.

"काय म्हणावं तुम्हाला! अहो, उन्हानं तापायला लागलं की ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावं!"

"असं होय! मग आधी सांगायचंस ना."

दुसऱ्या दिवशी साहेब यायचे होते. सगुणा दूध आणायला निघाली. जाताना म्हणाली, "साहेब आले तर सांगितलंय तसंच करा हं!"

रखमाजीनं गच्चीवर जाऊन पॅनलला हात लावला. चटकाच बसला! बरं झालं वेळेवर बघितलं, असं म्हणत त्यानं वायर काढली, नटबोल्ट खोलले, पॅनल ओल्या गोधडीत गुंडाळलं आणि खाटेखाली सरकवलं.

तेवढ्यात साहेब घरी आले.

"चला, आधी वर चला," रखमाजी म्हणाला.

पॅनल वरच असणार, म्हणून साहेब मुकाट शिडी चढले. रखमाजीनं त्यांना खांद्याला धरून दक्षिणेकडे वळवलं. हातातली छत्री काढून घेतली. मग खाली उतरला आणि शिडीही काढली. तिची सावली पडत होती.

सगुणा दूध घेऊन आली. बघते तर गच्चीवर साहेब बोंबलतायत आणि घरात रखमाजी दिव्याचं बटण खालीवर करतोय.

"अहो, हे काय करून ठेवलंत! गेल्या ना माझ्या शेळ्या!"

"शेळ्यांचं राहू दे गं," रखमाजी घाम पुसत म्हणाला. "तासभर उन्हात ठेवलेत. तोंड दक्षिणेला आहे, सावली नाही. तरी दिवा लागेना. हे साहेब बिघडलेले निघाले. बदलून मागू या का?"