नदीकडचे दार

आमच्या नाट्यगृहाला सहा दारे आहेत. पाच दारे नाटक सुरू होण्याआधी लावतात. हे सहावे, नदीकडचे, नांदी संपेपर्यंत उघडे असते. वारा येतो म्हणून तक्रार करू नका. शाल आणा. आणि नांदी सुरू झाली की गप्प बसू नका. इथे नांदी नट म्हणत नाहीत. ते तोंड मिटून, हात जोडून उभे राहतात. नांदी प्रेक्षक म्हणतात. बाहेरगावच्या लोकांना याची गंमत वाटते. ही गंमत नाही.

हे नाट्यगृह नरहरबुवांनी बांधले. स्वतःची नाटक मंडळी होती, स्वतः गायचे. या टेकाडावर दगड चढवून घेतला, कारण त्यांना गावापेक्षा उंच जागा हवी होती. गळा मोठा, ताठा त्याहून मोठा. पिटात कुणी नांदीबरोबर गुणगुणले तर बुवा गाणे थांबवायचे आणि बोट दाखवायचे. त्या माणसाला बाहेर काढल्यावरच पुढची ओळ. लखू तांबटाला असे कितीदा तरी काढले, म्हणे. लखूचे म्हणणे, तिकीट काढलंय, गुणगुणलो तर काय बिघडलं? बुवांचे म्हणणे, तिकीट ऐकायचं काढलंस, गायचं नाही. पुढे पुढे नांदीला पिट श्वाससुद्धा जपून घेऊ लागले.

मग तो पूर आला. सकाळी पाणी घाटावर होते, दुपारी बाजारपेठेत. लोक शेरडे-करडे घेऊन या टेकाडावर आले. पिट भरले, रंगमंच भरला. बुवा तालमीसाठी इथेच होते. त्यांची बायको अन्नपूर्णाबाई खाली कोष्टी गल्लीत, बिऱ्हाडी. बुवा पाण्यात उतरायला निघाले, लोकांनी धरून ठेवले. त्यांना पोहता येत नव्हते.

नदीवरची नाव आधीच वाहून गेली होती. भोयांनी गुऱ्हाळातल्या काहिली आणल्या. उसाचा रस आटवायची ती मोठी कढई. आमच्याकडे पुरात तीच नाव. पण पाऊस असा की हातभर पलीकडचे दिसेना. पलिते विझले. खाली महादेवाचे देऊळ निम्मे बुडाले होते आणि तिथली घंटा धारेच्या हेलकाव्यावर आपोआप वाजत होती. टेकाडावरूनच कुणी घंटा वाजवतंय असे समजून पहिली काहील तिकडे गेली. ती परत आली नाही.

तेव्हा मसू भोई या दारात उभा राहिला आणि बुवांना म्हणाला, "घंटा फसवतीया, बुवा. वरडणं तर समद्या छपरांवरनं येतंय. तुमचा गळा मातुर हितंच हाय. नांदी म्हणा. म्या येस्तोवर थांबू नका."

बुवा दारात उभे राहिले आणि गाऊ लागले. नांदी संपली की पुन्हा पहिल्यापासून. त्या आवाजावर काहिली येऊ लागल्या. माणसे उतरत होती, बुवा गाता गाता प्रत्येक काहिलीत डोकावत होते. मसू येई. अन्नपूर्णाबाई नसत. बुवांनी हातानेच विचारले. मसू म्हणाला, "वैनी म्हनत्यात आधी पोरं, मग म्हाताऱ्या. छपरावर बसल्यात. तुमचं गाणं ऐकू येतंय म्हनल्या."

पुढच्या खेपेला त्याने सांगितले, आता एकट्या वैनीच राहिल्यात, आणतो. आणि गेला.

त्याच खेपेत बुवांचा आवाज गेला. आधी चिरला, मग फाटला, मग ओठ हलत होते आणि नुसता वारा बाहेर येत होता. सगळ्यांना खालची घंटा ऐकू आली.

बुवा लोकांकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पिटापुढे हात जोडले. लोकांना समजले काय हवे ते. तरी कुणाचे तोंड उघडेना. इतक्या वर्षांचा धाक. आया पोरांच्या तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या, असे सांगतात. शेवटी लखू तांबट पुढे आला.

"बुवा," तो म्हणाला, "बाहेर काढणार नाही न्हवं?"

तो टोमणा नव्हता. त्याने खरेच विचारले. बुवांनी नाही म्हणून मान हलवली. लखूने सूर धरला आणि मागून सगळे नाट्यगृह गाऊ लागले. प्रत्येक हरकत, प्रत्येक ठेहराव त्यांना येत होता. इतकी वर्षे तोंड मिटून त्यांनी मनातल्या मनात तेच तर म्हटले होते.

पण मध्ये तेवढा वेळ गप्प गेला होता.

दिवेलागणीला पाऊस उतरला आणि काहील दिसली. धारेच्या उलट, गाण्याच्या रोखाने ती सरळ या दारापाशी आली, म्हणे. आत मसू नव्हता. अन्नपूर्णाबाई नव्हत्या. पावसाचे पाणी होते. गाणे थांबले. बुवांनी काहिलीकडे पाठ केली आणि हात वर केला, थांबू नका. लोक गात राहिले. पाणी उतरेपर्यंत गात राहिले. आणखी कुणी आले नाही.

मसू त्या गप्प वेळात घंटेकडे वळला असावा, असे सांगतात. लोक कुणाच्या धाकाने गप्प राहिले, हे बुवांना कुणी सांगावे लागले नाही.

नाट्यगृह धुऊन काढल्यावर पहिला खेळ लागला. बुवा रंगमंचावर आले आणि तोंड मिटून उभे राहिले. मग त्या फाटक्या आवाजात एवढेच बोलले, "नांदी तुमची. ते दार लावू नका." पुढे जगले तोवर ते गायले नाहीत.

मागे एक मोठी मंडळी आली होती. नांदी आमची आम्हीच म्हणू म्हणाले. म्हणा म्हटले. पडदा वर गेला आणि पिटानेच नांदी धरली, त्यांना पहिली ओळसुद्धा घेऊ दिली नाही.

आजही नांदी संपली की दारवाला हे दार लावायला येतो. लावण्याआधी उंबऱ्यावर उभा राहून नदीकडे बघतो. कुणी येत नसते. मग लावतो.