सात ओढ्यांपलीकडची धामण

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

सात ओढ्यांच्या खोऱ्यात एक गाव होतं. तिथल्या कुंभाराच्या मुलीला साप मारलेला पाहवत नसे. कुणाच्या घरात साप निघाला की ती भिंतीलगत एक मडकं आडवं ठेवायची आणि दूर जाऊन उभी राहायची. अंधार दिसला की साप आपणहून आत शिरायचा. मग मडक्याचं तोंड झाकून ती त्याला गावाच्याच बांधावर सोडायची.

एके दिवशी गावच्या थोरल्या आजोबांच्या गोठ्यात धामण निघाली.

"हीच ती चोरटी!" आजोबा गरजले. "म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते. म्हणून म्हैस आटली."

"आजोबा, धामण उंदीर खाते," मुलगी म्हणाली. "दूध तुमचं पारडूच पितं. त्याचं दावं बघा किती सैल आहे."

दोघं-तिघं हसले. आजोबा हसले नाहीत.

"आमचे केस काय उन्हानं पांढरे झाले? ऐक. तुझ्यासाठी मारत नाही हिला. पण सात ओढे ओलांडून टाकायची. पाणी ओलांडलं की साप वाट विसरतो, सूड घ्यायला परत येत नाही. यापुढे दिसेल ती प्रत्येक धामण तिकडेच न्यायची."

"तिकडे नुसता कातळ आहे, आजोबा. हिला इथली बिळं ठाऊक आहेत. तिथं ती जगायची नाही."

"म्हणजे आमच्या बापजाद्यांना अक्कल नव्हती?"

आईनं मुलीचा हात दाबला. "मोठ्यांच्या तोंडी लागू नये, बाय. जीव वाचला ना तिचा? झालं तर मग."

मुलगी मडकं उचलून चालू लागली.

दुसरी धामण घेऊन ती गेली, तेव्हा पहिली तापल्या कातळावर पडली होती. तिला मुंग्या लागल्या होत्या. मुलीनं पारावर येऊन सांगितलं. "तिचं नशीब," आजोबा म्हणाले आणि त्यांनी पान लावायला घेतलं. मुलीच्या ओठांवर पुढचे शब्द आले होते. तिनं ते गिळले. वर्षभर ती मडकी वाहत राहिली. शेवटी गावात एकही धामण उरली नाही.

मग उंदीर माजले. भाताच्या कणग्या खालून पोखरल्या गेल्या. उंदरांच्या मागोमाग नाग आले.

पेरणीपुरतं तरी भात वाचवावं म्हणून आईनं कणगीत हात घातला आणि तिला दंश झाला. पारावरच्यांनी आधी मंत्र म्हणायचं ठरवलं. मुलगी ओरडत राहिली, "वैद्याकडे न्या हो तिला!" डोली उचलली, तेव्हा आईचा हात गार पडला होता.

नाग अजून कणगीमागेच होता. मुलीनं मडकं ठेवलं, नाग आत गेला. ती बांधाकडे वळली.

"अगं, यानं तुझी आई मारली!" आजोबा म्हणाले. "सात ओढ्यांपलीकडे टाक त्याला."

"यानं नाही मारली," ती म्हणाली. "तुम्ही मारली, आजोबा. आणि तुमचं ऐकून मडकी वाहिली ती मी."

त्या वर्षी गावात पेरायला मूठभरही बी नव्हतं. एकेक घर ओस पडलं. उरलेले लोक भांडीकुंडी डोक्यावर घेऊन निघाले आणि सात ओढे ओलांडून त्याच कातळावर आले. ऊन मी म्हणत होतं. सावली कुठं पडते, पाणी कुठं झिरपतं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"पोरी," आजोबांनी कोरड्या ओठांनी विचारलं, "तू तर इथं कितीदा आलीस. पाणी कुठं असेल गं?"

मुलीनं पायाशी पडलेल्या पांढऱ्या हाडांकडे पाहिलं.

"यांनाही सापडलं नव्हतं, आजोबा."

तात्पर्य: वडीलधाऱ्यांना मान द्यावा, पण आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं सत्य त्या मानापायी कधीही गिळू नये.