राजाच्या डोक्यातला कोंडोबा

एक राजा होता, झुंबरसेन नावाचा. त्याच्याकडे हत्ती होते, सोन्याचा मुकुट होता, आणि डोक्यात होता कोंडा! हसू नका, बरं का. राजा झाला म्हणून काय डोकं खाजत नाही?

खांद्यावर पांढरे पापुद्रे पडायचे. राजाला भारी लाज वाटायची. मग त्यानं मुकुट काढणंच सोडलं. आंघोळ मानेखालूनच. आणि राज्यात काळं कापड बंद! काळ्यावर पांढरं दिसतं ना!

उपाय झाले, नाही असं नाही. राजवैद्यांनी बुधलाभर तेल थापलं. कोंडा दुप्पट! मग मांत्रिकानं लिंबू घासघास घासलं. राजा अंगणभर उड्या मारत फिरला, कोंडा तिथंच. मग प्रधानानं गुपचूप निरोप धाडला, "कोंड्याचं कुणी काही करील का?" तर एक गवळी चार रिकामी पोती घेऊन हजर! म्हणाला, "भरा. माझ्या म्हशी कोंडा आवडीनं खातात."

राजा असा चिडला! "यापुढं जो माझ्या मुकुटाला हात लावील, तो सीमेपार!"

मग राजाचं लग्न झालं. नवी राणी कालिंदी. बोलायची कमी, बघायची फार. रोज सकाळी नवऱ्याची उशी तीच झटकायची, तेव्हा तिला कळायचं ते कळलं. पण नव्या घरात पहिलं बोलणं नवऱ्याच्या डोक्यावरून कसं काढायचं?

एवढ्यात पहिली संक्रांत आली नऊ दिवसांवर. नव्या नवरीनं काळी चंद्रकळा नेसायची, हलव्याचे दागिने घालायचे आणि नवऱ्यानं शेजारी बसायचं. राजा म्हणाला, "काळं नेसायचं नाही. आणि मी बसणार नाही."

सासूबाई पुटपुटल्या, "पहिल्या सणाला पाट रिकामा! गाव म्हणेल, ह्यांचं पटत नाही."

दुपारी राजा आडवा झाला, घोरायला लागला. मग कालिंदीनं हळूच मुकुट उचलला!

तर काय! आत एवढासा म्हातारा. पिठासारखा पांढरा, ढेरपोट्या.

"हळू हो वहिनी, मालक उठतील. मी कोंडोबा."

"इतका कसा रे फुगलास?"

"तेल! वैद्यबुवांनी काय पाहुणचार केला म्हणून सांगू! वर मुकुटाची ऊब."

"जाशील कधी?"

"कायमचा? छे हो, मी घरचाच. पण तेल पाजू नका, नखं लावू नका, दर तिसऱ्या दिवशी धुवा. मी निजून राहीन."

आणि राजानं डोळे उघडले! मुकुट राणीच्या हातात!

"सीमेपार!" राजा ओरडला.

"जाईन," कालिंदी म्हणाली, "पण आधी केस धुते."

खाजेनं राजा आधीच बेजार. बसला मोरीत जाऊन. तिनं रिठ्याचा फेस लावला. बे ते दहाचे पाढे होईपर्यंत तसाच ठेवला. मग कडुनिंबाचं कोमट पाणी. पहिल्या धुण्याला खाज निवली. दुसऱ्याला पापुद्रे घटले. तिसऱ्याला कोंडोबा जांभई देऊन कलंडला. सीमेपारचं कुणी नाव काढलं नाही.

संक्रांतीला कालिंदी चंद्रकळा नेसून पाटावर बसली. शेजारचा पाट रिकामा. बायका कुजबुजल्या. आणि आला की राजा! काळा अंगरखा, उघडं डोकं!

एक म्हातारी पुढं वाकली. "महाराज, खांद्यावर काहीतरी पांढरं दिसतंय..."

"हलव्याचा कण असेल," सासूबाई घाईनं म्हणाल्या.

"कोंडा आहे," राजा म्हणाला. "उद्या धुवायचा वार."

म्हातारी म्हणाली, "अगं बाई! आमच्या ह्यांनापण आहे!" मग काय, हळदीकुंकू बाजूला राहिलं, सगळ्या बायका राणीभोवती!

थंडी पडली की कोंडोबा अजून जागा होतो, बरं का. मग पुन्हा रिठा, पुन्हा पाढे. पण राजा-राणी मजेत आहेत. चला, आता पांघरुणं ओढा. आणि तू रे, डोक्यातला हात काढ आधी, मग झोप.