हद्दीचा दगड

“...पण बुवा, आपटा तिकडे गेला! आता सोनं लुटायचं कुठं?”

रत्नाकर मठाच्या ओसरीवर उभा होता. बसायला सांगितलं तरी बसत नसे. राष्ट्र झाल्यापासून तो उभाच असायचा.

“गेला म्हणजे?” सोपानबुवांनी विचारलं. “काल तर होता जागेवर.”

“झाड जागेवरच आहे. हद्द अलीकडे आली.”

“अस्सं...”

कुरणवाडी आणि धामणी ही शेजारची गावं. राजा एक होता तोवर दोघांचा दसराही एकच. कुरणवाडीकर आपली शीव ओलांडून माळावरच्या आपट्याशी जायचे, धामणीकर पलीकडून यायचे, आणि तिथं एकमेकांना पानं द्यायचे. राजा गेला. त्याच्या मुलखाची दोन राष्ट्रं झाली. मोजणीदार आले तेव्हा रत्नाकरनं स्वतः पहार घेऊन हद्दीचा दगड रोवला. आपटा त्याच्या वीस पावलं पलीकडे राहिला. धामणीही राहिली, आणि धामणीत दिलेली त्याची थोरली बहीण गोदाक्काही.

रत्नाकर बुवांचा लाडका शिष्य. बोलायला उभा राहिला की म्हातारी माणसंसुद्धा मुठी वळायची. चावडीवर त्यानं सगळ्यांदेखत शपथ घेतली होती, परक्या मातीला पाय लावणार नाही.

“देवळामागं मी नवा आपटा लावलाय,” तो म्हणाला. “अस्सल आपल्या मातीतला. यंदा पूजा तिथंच. तुम्ही आलात की गाव येईल.”

“म्हणजे सीमोल्लंघन सीमेच्या आत?”

“काळ बदललाय, बुवा.”

“रोप केवढं आहे?”

“गुडघ्याएवढं.”

“गावाला पानं पुरतील?”

“...वाढेल ते.”

“आणि गोदाक्का?”

रत्नाकरनं मान वळवली. दर दसऱ्याला ती त्याच्या हातावर पहिलं पान ठेवायची. आई गेल्यापासून एकदाही चुकली नव्हती.

“आधी राष्ट्र,” तो म्हणाला. पण हे त्यानं भाषणातल्या आवाजात म्हटलं नाही.

“बरं. येतो मी.”

दसऱ्याला बुवा आले. रोपाची यथासांग पूजा केली. पान एकही तोडलं नाही. मग उठले आणि माळाकडे चालू लागले. गाव मागोमाग निघालं.

रत्नाकर धावत पुढे गेला आणि दगडापाशी हात पसरून उभा राहिला.

पलीकडे आपट्याखाली धामणीकर जमले होते. त्यांच्याही पोरांनी तिकडे तसलीच शपथ घेतलेली. सगळ्यांच्या पुढे गोदाक्का होती. तिच्या मुठीत पानं होती, पण ती जागची हलत नव्हती. रत्नाकर तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

“बुवा, इथवरच! गावासमोर माझा शब्द जाईल.”

बुवा खाली वाकले, दगडाला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

रत्नाकरचा जीव भांड्यात पडला.

“म्हणजे हद्द मान्य आहे तुम्हाला!”

बुवांनी एका हातानं धोतराचा सोगा उचलला आणि दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं.

“मान्य म्हणजे? बरं झालं दगड रोवलास. चाळीस वर्षं अंदाजानंच पाय उचलत होतो.”