लिंबाजीचा अंगठा

सांगा बरं मंडळी, तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल? "एका दिवसात दुखणं पळवतो" म्हणणाऱ्यावर, की "आधी खरं सांग, किती दुखतंय" असं विचारणाऱ्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. मी तेलाचा व्यापारी आहे. दोन्ही प्रकारची माणसं माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून गेली, आणि पहिल्याभोवती गर्दी नेहमी जास्त असते. म्हणून आमच्या आंबेघळीच्या लिंबाजीची गोष्ट मी येईल त्याला ऐकवतो.

घाटातून गाडीरस्ता निघायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा समुद्राकडचं मीठ देशावर जायचं ते बायकांच्या डोक्यावरून. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मिठाची पाटी, आणि समोर उभा कडा. खाली आमची आंबेघळ, वर शेडगेवाडी. या वाटेनं माल कुणी वाहायचा ते दसऱ्याला ठरायचं. आंबेघळीच्या नायकिणीनं, म्हणजे पाटीवाल्या बायकांच्या म्होरकीनं, हंगामाची पहिली पाटी मध्ये कुठेही न टेकवता, सूर्य माथ्यावर यायच्या आत, घाटाच्या टोकाला वाघजाई देवीच्या शिळेवर ठेवली तर वाट आंबेघळीची. नाहीतर शेडगेवाडीची. आणि नायकीण बदलायची तर तेही शिळेपाशीच. जुनीनं पाटी उतरवायची आणि आपली चुंबळ नवीच्या डोक्यावर ठेवायची. खाली घरात बसून नायकीपण देता येत नसे.

त्या वेळी नायकीण होती ठकू गोरिवले. ठकू मिठाच्या दोन पाट्या एकीवर एक घेऊन चढायची आणि वर पोचल्यावर दम न खाता भांडायची, असं म्हणतात. 

एका वर्षी वादळात एक परमुलखातलं गलबत खडकावर फुटलं. ठकू मीठ आणायला गेली होती, तिला किनाऱ्यावर एक माणूस पडलेला दिसला. तापानं फणफणलेला. डोळे बारीक, गाल सपाट, हाताचे अंगठे मात्र सुताराच्या पटाशीसारखे रुंद. ठकूनं त्याला पाठीशी बांधला, डोक्यावर मीठ घेतलं आणि दोन्ही ओझी घरी आणली. तो चीन देशाचा होता. नाव सांगितलं ते लिन की असंच काहीतरी. गावानं एकदा ऐकलं आणि त्याला लिंबाजी करून टाकलं.

लिंबाजी बरा झाला, गोठ्याच्या पडवीत राहिला, कामापुरती भाषा शिकला. आणि ठकूचा गुडघा गेला. कुणी म्हणतं, त्याला वाहून आणला त्याच दिवशी गेला. ठकू म्हणायची, "गप बसा. माझा गुडघा त्याच्या आधीचाच लबाड हाय." उठताना कडकड आवाज, सकाळी लाकूड, उतरताना कळ. वरच्या वाडीचा म्होरक्या येसू शेडगे खाली बाजाराला आला की भर बाजारात ओरडायचा, "काय गं ठके, पैंजण घातलेस का? लांबनं ऐकू येतंय!"

"ऐकू येतंय ना?" ठकू म्हणायची. "मग वाट सोड की!"

लोक हसायचे. पण घरी आल्यावर ती सुनेला, सुंदराला, म्हणाली, "दसऱ्याला वर पोचले नाय, तर तुला चुंबळ कशी देऊ गं? तुझी पोरं काय खातील?"

हे लिंबाजीनं ऐकलं. त्याच्या मुलखात गुडघे चोळायची, दाबायची, मळायची जुनी विद्या होती. त्यानं उंडीच्या बियांचं तेल कोमट केलं, निरगुडीचा पाला वाफवला आणि पावसाळाभर ठकूचा गुडघा हातात घेतला. रोज विचारायचा, "कसं?" ठकू म्हणायची, "लई बरं वाटतंय बाबा!"

आता इथं आपली सगळ्यांची खोड पाहा. घरच्या पाहुण्यानं फुकट मेहनत करायची, आणि त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं की काही फरक नाही? पानात खारट भाजी पडली तरी आपण "छान झालीय" म्हणतो, तसंच हे. माझं एक गिऱ्हाईक दर बाजाराला माझ्या तेलाची तारीफ करायचं. एकदा त्यांच्या घरी गेलो, तर बाटलीचं बूचही काढलेलं नव्हतं! ठकूचं तेच झालं. ती बरं म्हणाली, म्हणून लिंबाजी त्याच जागी, त्याच जोरानं दाबत राहिला. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ती रिकामी पाटी घेऊन पहिली चढण चढली आणि खाली बसली ती उठेनाच. गुडघा नारळाएवढा सुजला होता.

लिंबाजीनं गुडघ्याकडे पाहिलं, मग ठकूच्या तोंडाकडे. त्याला सगळं कळलं. पहिल्यांदाच तो चिडलेला गावानं पाहिला.

"तू खोटं. माझा हात आंधळा," तो म्हणाला.

"तुला वाईट वाटंल म्हणून रं..."

"मला वाईट वाटू दे! गुडघ्याला बरं वाटू दे!"

मग सूज उतरेपर्यंत त्यानं गुडघ्याला बोटही लावलं नाही. नुसता पाल्याचा शेक. नंतर एक करवंटी ठेवली आणि बाजूला चिंचोक्यांचा ढीग. तोंडानं काही बोलायचं नाही. जितकं दुखेल तितके चिंचोके करवंटीत टाकायचे. थोडं दुखलं तर थोडे, फार दुखलं तर करवंटी भरायची. पहिल्या दिवशी ठकूनं करवंटी भरली आणि रडली. इतकी वर्षं दुखत होतं आणि किती दुखतंय ते तिनं कुणाला दाखवलंच नव्हतं.

त्या दिवसापासून लिंबाजीच्या हाताला डोळे फुटले. गुडघ्याच्या वाटीवर दाबलं की चिंचोके वाढतात, मांडीवर मळलं की कमी होतात. म्हणजे गाठ वर आहे! ओझ्यानं मांडी दगड झालेली, ती गुडघ्याला ओढत होती. मग तो हाताची पालथी बाजू मांडीवर लाटण्यासारखी फिरवायचा, पोटरी मळायचा, वाटीच्या खाली बाहेरच्या अंगाला जो खळगा असतो तिथं अंगठा धरून ठेवायचा आणि शेवटी पाय हळूहळू दुमडायचा, उलगडायचा. पुढंपुढं गुडघ्यानं सांगायच्या आधीच त्याच्या अंगठ्याला ऐकू यायचं, असं म्हणतात. करवंटीत खडखडणारे चिंचोके बोटांवर मोजण्याइतके उरले.

एकदा सुंदरानं विचारलं, "सासूबाईंचा गुडघा नवा झाला का?"

"नाही," लिंबाजी म्हणाला. "जुना. पण आता ऐकतो."

दसरा उजाडला. ठकूच्या डोक्यावर मीठ, मागं सुंदरा, तिच्यामागं लिंबाजी, आणि त्यांच्यामागं अख्खी आंबेघळ. वाघजाईच्या शिळेपाशी शेडगेवाडीची पाटी भरून तयार. येसू सूर्याकडे बघत बसलेला.

ठकू चढत गेली. घाटात मध्यावर एक वळण आहे. आमच्याकडे गुडघ्याला ढोपर म्हणतात, आणि कडा तिथं गुडघ्यासारखा दुमडलाय, म्हणून त्याचं नाव ढोपरकडा. तिथल्या पायऱ्या कमरेएवढ्या उंच. तिथं ठकू थांबली. डोक्यावरचं मीठ थरथरलं. वरून येसू ओरडला, "टेकव गं ठके, टेकव! लाज कसली?"

अख्खी आंबेघळ म्हणाली, "काय नाय झालं! चल, चल!"

ठकू म्हणाली, "झालंय. लिंबाजी, दुखतंय रं. करवंटीभर दुखतंय."

सगळ्या गावासमोर, वैऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, ती खरं बोलली. पाटी मात्र टेकवली नाही. लिंबाजी तिच्या पायाशी बसला. एक अंगठा त्यानं तिच्या मांडीच्या गाठीवर रोवला आणि जोर यावा म्हणून दुसरा कड्याला लावला. त्यानं डोळे मिटले आणि दाबलं. मांडीतली गाठ सुटली. आणि त्याच घटकेला कड्यातलीही गाठ सुटली, असं म्हणतात! आत कुठंतरी डोंगराचं हाड कडकडलं, दगड लोण्यासारखा मऊ झाला, उंच पायऱ्या बैल बसतो तशा गुडघे मोडून खाली बसल्या. ठकूनं पाऊल उचललं. दुसरं उचललं. आणि मग ती थांबलीच नाही.

सूर्य माथ्यावर यायला अजून अवकाश होता तेव्हा शिळेवर मीठ टेकलं. ठकूनं चुंबळ काढली, सुंदराच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "घे बाय. वाट तुझी." ढोल वाजले ते खाली दरीत घुमत तिसऱ्या गावापर्यंत ऐकू गेले. येसू पुढं आला, ठकूच्या पाया पडला. ती म्हणाली, "माझ्या नको, त्याच्या पड." दुसऱ्या दिवशी येसू स्वतःच्या आईला पाठुंगळी घेऊन घाट उतरला आणि लिंबाजीच्या पडवीत आणून बसवली.

लिंबाजी पुढं किती वर्षं जगला याबद्दल दोन गावांचं अजून एकमत नाही. तो मेलाच नाही, कड्यात शिरला, असंही म्हणतात. मी मात्र ढोपरकड्यावर जाऊन आलोय. दगडात अंगठ्याएवढा खळगा आहे, आणि भर उन्हाळ्यातही त्यात पाणी असतं.

आजही दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोन्ही गावची म्हातारी माणसं वाघजाईच्या अंगणात पाय पसरून बसतात. तरणी पोरं-पोरी उंडीचं तेल घेऊन त्यांचे गुडघे धरतात, मांडी मळतात, पोटरी मळतात. पण तेलाला हात लागायच्या आधी प्रत्येकापुढे करवंटी येते, आणि चिंचोके आपल्या हातानं टाकावे लागतात. कुणी लाजेखातर कमी टाकले की बाकीच्या म्हाताऱ्या ओरडतात, "लिंबाजी बघतोय गं!" तेल दरवर्षी माझ्याच दुकानातून जातं. नुसती वाहवा आली की मी तोंडावर विचारतो, बूच तरी काढलंत का?

तेव्हा या दसऱ्याला तुम्हीही या, मंडळी. पाय पसरा, करवंटी पुढ्यात घ्या. आणि एवढं माझं ऐका: दुखेल तितके टाका, एक कमी नको, एक जास्त नको. हिशेब खरा ठेवा.