तीन फिरते बोल्ट

“मग माझ्यात कमी काय आहे, महाराज?”

भगीरथने तिसऱ्यांदा विचारलं. तालुक्याला त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं, हाताखाली सहा माणसं होती, आणि हे दोन्ही तो कुठल्याही बोलण्यात एकदा तरी घुसवायचाच. आज त्याला केवलपुरी महाराजांचा अनुग्रह हवा होता. त्यासाठी मठाच्या वरच्या मजल्यावरच्या गच्चीला त्याने स्वतः लोखंडी कठडा बसवला होता. गच्चीवर मठातले म्हातारे फिरत. त्यांतल्या चौघांना दिसत नव्हतं.

महाराज उठले. गच्चीच्या कडेच्या बुटक्या भिंतीवर, जिथे खांब जखडला होता तिथे, त्यांनी बोटाने टकटक केलं.

“पोकळ वाजते.”

“सिमेंटचे ब्लॉक पोकळच असतात, महाराज. पण बोल्ट भारीतले आहेत. जीव खाऊन आवळलेत.”

“हा जरा अजून आवळ.”

भगीरथचा चेहरा उतरला. नेमका तोच.

“पक्का आहे तो...”

“आवळ.”

त्याने पाना लावला. बोल्ट फिरला. आणखी फिरला. भोवतीची पुट्टी रंगासकट गळून पडली. महाराजांनी दोन बोटांनी बोल्ट उपसला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

“असे किती?”

“तीन.”

“ठाऊक होतं?”

“हो.” त्याला स्वतःचीच लाज वाटली. “जेवढं आवळावं तेवढा आत भुगा होत गेला. आज तुमच्यासमोर यायचं होतं... म्हणून पुट्टी भरली.”

महाराज रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं भगीरथला वाटलं.

“आता?”

“वरचा थर फोडून पोकळीत काँक्रीट भरतो. सात दिवस पाणी मारायचं. मग नवी भोकं पाडून बोल्ट बसवायचे.”

“बरं.”

“म्हणजे अनुग्रह सात दिवसांनी?”

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. दगडूआबा सवयीने वर आले आणि एक हात पुढे करून कठडा चाचपू लागले. त्यांच्या डोळ्यांत प्रकाश नव्हता.

भगीरथ धावला. त्याने तो हात आपल्या हातात घेतला.

“कोण रे?” आबांनी विचारलं.

भगीरथला नाव सांगवेना. त्याने महाराजांकडे पाहिलं.

“सांग त्यांना,” महाराज म्हणाले, “काँक्रीट धरेपर्यंत कठडा तू आहेस.”